पोर्त द्यु सोलेय: आठवडाभर नुसता उतार, आणि पणाला लागतात ते ब्रेक

सह्याद्रीत डोंगरी सायकल चालवणाऱ्याचा हिशोब ठरलेला असतो. दोन तास चढ, वीस मिनिटं उतार, आणि त्या वीस मिनिटांतही निम्मा वेळ घसाऱ्यावर सायकल हातात धरून चालायचं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या पोर्त द्यु सोलेय या भागात हा हिशोब पुरता उलटा होतो. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टना जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत सायकली लटकतात. आपण वर जायचं आणि खाली यायचं, एवढंच काम. बारा गावांचं हे जाळं एका पासावर चालतं आणि वाटा मोजायला गेलं तर शेकडो किलोमीटर भरतात. जाहिरातीत हाच आकडा पुढे केला जातो. पण आठवड्याच्या सुट्टीत त्यातल्या दशांश वाटासुद्धा नीट होत नाहीत, तेव्हा आकड्याला भुलू नये. कुठल्या दरीत, कुठल्या महिन्यात आणि कसल्या ब्रेकवर जायचं, हे आधी ठरवलं तर पैसे वसूल होतात. नाही तर तिसऱ्या दिवशी पंजे आखडून हॉटेलात बसायची वेळ येते.

आधी नावांचं बघू, कारण नकाशावरचं स्पेलिंग आणि लिफ्टवाल्याच्या तोंडचा उच्चार यांचा मेळ बसत नाही. शेवटची अक्षरं गिळायची, हा सोपा नियम. मोर्झीन, ले जे, शातेल, अव्होरिया ही फ्रान्सकडची मुख्य गावं. शांपेरी, मोर्जां, ले क्रोझे ही स्वित्झर्लंडकडची. मोर्झीन १,००० मीटरच्या आसपास आहे, शातेल १,२०० आणि अव्होरिया १,८०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्याही वर. फ्रान्सच्या बाजूने सर्वांत वर नेणाऱ्या लिफ्टपैकी एक मोसेतच्या धारेवर, सुमारे २,२५० मीटरवर सोडते. आल्प्सच्या मानाने ही उंची फार नाही. विरळ हवेचा त्रास होत नाही, आणि बहुतेक वाटा झाडीतून किंवा गायरानातून जातात. बर्फाची शिखरं समोर दिसत राहतात, पायाखाली मात्र माती, चुनखडीचे दगड आणि सूचिपर्णी झाडांची मुळं. मुळांचं पुढे येईलच.

प्लेने डोंगरावर नेणारी गोंडोला (बंद डब्यांची लिफ्ट) मोर्झीनच्या भर बाजारातून निघते आणि सुमारे ५०० मीटर उंची चढवून देते. रांग, वर जाणं आणि उतरणं मिळून एका फेरीला अर्धा तास धरला, तर सकाळी नऊ ते दुपारी पाच या वेळात जेवणाची सुट्टी सोडूनही बारा-तेरा फेऱ्या होतात. म्हणजे सहा हजार मीटरहून जास्त उतार. सिंहगडाची पायवाट सहाशे मीटरच्या आसपास आहे. तेव्हा एका दिवसात दहा वेळा सिंहगड उतरल्यासारखं. पायांना याचं फारसं काही वाटत नाही. वाट लागते ती पंजांची, मनगटांची आणि ब्रेकची. म्हणून पहिल्या दिवशी सहा-सात फेऱ्यांवर थांबावं. अपघात बहुतेक दुपारी चारनंतर, 'आता एक शेवटची' म्हणून केलेल्या फेरीत होतात.

या भागाची सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे ब्रेकिंग बम्प. वळणाच्या अलीकडे जमिनीवर आडव्या लाटा उठतात, गावच्या कच्च्या रस्त्यावर एसटीने पाडलेल्या पन्हाळ्यांसारख्या. कारण साधं आहे. स्वार वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक दाबतो. चाक थोडं अडतं, उसळतं, पुन्हा जमिनीला चिकटतं, आणि जिथे चिकटतं तिथली माती उकरतं. मागचा स्वारही तिथेच ब्रेक मारतो, त्याचं चाक त्याच खड्ड्यात पडतं आणि खड्डा आणखी खोल होतो. जूनमध्ये बोटभर असलेल्या या लाटा जुलै संपता संपता वीतभर होतात. ऊन पडून माती भुकटी झाली की त्या धुळीखाली दिसतही नाहीत. प्लेनेवरची 'मेन लाइन' ही सर्वांची लाडकी वाट, म्हणून तिची अवस्था सर्वांत वाईट. लोक दुरुस्तीला फिरतात, फावडी मारतात, पण रोजची गर्दी पाहता त्यांचं काम म्हणजे पावसाळ्यात अंगण झाडणं.

यावर उपाय दोन. पहिला चालवण्याचा. वळणाच्या बऱ्याच अलीकडे, जमीन अजून सपाट आहे तिथे, दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबायचे आणि लाटा सुरू होण्याआधी बोट सोडायचं. लाटांवर ब्रेक धरून गेलं की सस्पेन्शन आखडतं आणि प्रत्येक दणका थेट मनगटात येतो. दुसरा उपाय सायकल लावण्याचा. बहुतेक जण इथे सस्पेन्शन मऊ करायला जातात आणि फसतात. मऊ फोर्क (पुढच्या चाकाचा सस्पेन्शनचा काटा) ब्रेकखाली आधीच निम्मा बसतो, मग पुढच्या लाटेसाठी जागाच उरत नाही. पुढे १८ ते २० टक्के आणि मागे २८ ते ३० टक्के सॅग, म्हणजे नुसत्या स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन बसण्याचं प्रमाण, ठेवावा. रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत उघडण्याचा वेग, मात्र घरच्यापेक्षा एक-दोन क्लिक जलद करावा, म्हणजे चाक दोन लाटांच्या मधे पूर्ण खाली येतं. रिबाउंड संथ राहिला तर पाच-सहा लाटांत सस्पेन्शन तळाला जाऊन बसतं आणि सायकल लाकडी ओंडक्यासारखी वागते. ही खूण ओळखायला सोपी आहे: पहिल्या दोन लाटा बऱ्या वाटतात आणि त्यापुढची प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक लागते.

आता भारतातून जाणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटरसायकलसारखा. फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला असतो. दुकानातून भाड्याने घेतलेली सायकल घेऊन सरळ लिफ्ट गाठली, तर पहिल्या तीव्र वळणावर घाबरून उजवा हात आवळला जाईल आणि मागचं चाक घसरेल. किंवा सवयीने 'मागचा' समजून डावा दाबला जाईल आणि माणूस हँडलवरून पुढे जाईल. डोक्याला माहीत असून उपयोग नाही, धोक्याच्या क्षणी बोटं जुनंच करतात. सुदैवाने इंग्रजांचीही सवय आपल्यासारखीच, आणि मोर्झीनमध्ये इंग्रज ढिगाने येतात. त्यामुळे दुकानदाराला हे नवीन नाही. बुकिंग करतानाच 'पुढचा ब्रेक उजवीकडे हवा' असं लिहून कळवावं. ब्रेक स्रॅम कंपनीच्या 'कोड' मॉडेलसारखे असतील तर लिव्हर दोन्ही बाजूंना चालतात; पट्ट्या सोडून लिव्हरची अदलाबदल केली की दहा मिनिटांत काम होतं, फक्त तेलाची नळी कुठे ताणली जात नाही ना ते हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. शिमानोचे लिव्हर डावे-उजवे वेगळे असतात. तिथे नळ्या सोडून पुन्हा जोडाव्या लागतात आणि तेलातली हवा काढावी लागते. ऐन सकाळी, रांगेत वीस गिऱ्हाइकं असताना हे काम कोणी मनापासून करत नाही. म्हणून ते आदल्या संध्याकाळी करून घ्यावं.

सायकल इथून न्यावी की तिथे घ्यावी? आपल्याकडे बहुतेकांजवळ १०० ते १२० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) असते. ती चढासाठी उत्तम, पण इथे दोन दिवसांत रिम वाकेल आणि तिसऱ्या दिवशी दात दुखतील. पुढे-मागे १६० ते १७० मिलिमीटर सस्पेन्शनची एंड्युरो सायकल या भागाला सर्वांत योग्य. दुहेरी क्राउनची २०० मिलिमीटरची डाउनहिल सायकल प्लेने आणि शांपेरीला मजा देते, पण गावागावांतून फिरायचं असेल तर मधल्या छोट्या चढांवर ती ढकलावी लागते. चांगल्या एंड्युरो सायकलचं भाडं दिवसाला शंभर युरोच्या आसपास धरून चालावं. पाच-सहा दिवसांचं एकदम घेतलं की दर उतरतो. स्वतःची पूर्ण सस्पेन्शनची सायकल असेल तर न्यायला हरकत नाही. मात्र विमानासाठी डिस्क काढून ठेवाव्यात आणि कॅलिपरमध्ये (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात) प्लॅस्टिकची पाचर घालावी. ती नसली आणि प्रवासात लिव्हर दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि सुट्टीची पहिली सकाळ ते उकलण्यात जाते. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, तो विचार सोडून द्यावा.

भाड्याची सायकल ताब्यात घेताना खोगीर आणि हँडल बघून भागत नाही. पॅड काढून बघायला सांगावं. स्रॅमच्या पॅडची पत्र्यासकट जाडी ३ मिलिमीटरहून कमी झाली की ते बदलायचे. शिमानोला घर्षणाचा थर अर्धा मिलिमीटर उरला की संपलं. पॅड धातूमिश्रित आहेत की ऑर्गॅनिक, हेही विचारावं. ऑर्गॅनिक पॅड कोरड्यात गोड चालतात, आवाज करत नाहीत, पण पावसाच्या चिखलात एका दिवसात संपू शकतात, कारण चिखलातली बारीक वाळू त्यांना पॉलिश पेपरसारखी खाते. धातूमिश्रित पॅड कर्कश ओरडतात, पण टिकतात. डिस्क निदान २०० मिलिमीटरच्या असाव्यात. डिस्कवर निळसर-तपकिरी पट्टा दिसला तर आधीचा गिऱ्हाईक सतत ब्रेक धरून उतरला असं समजावं. नवे पॅड टाकून दिले तर सपाट रस्त्यावर वीसेक वेळा बऱ्यापैकी वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, चाक पूर्ण न थांबवता. हे न करता थेट उतारावर गेलं की पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि मग दिवसभर ब्रेक 'आहे पण लागत नाही' अशी गत.

टायरच्या बाबतीत तडजोड नको. जाड, दुहेरी पदराचा टायर, पुढे सर्वांत मऊ रबराचा. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला पुढे २३ ते २५ आणि मागे २६ ते २९ पीएसआय हवा पुरते. बाजाराच्या चौकात कडक टायर छान वाटतो, ओल्या मुळांवर तोच दगा देतो. लिव्हरचा कोनही स्वतः लावून घ्यावा. आपल्याकडे लिव्हर खूप खाली झुकवलेले असतात; लांब उतारावर ते जरा वर, जमिनीशी वीस-तीस अंशांवर आणले की मनगट सरळ राहतं आणि तळव्यावर भार येतो. लिव्हर पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरात बसला पाहिजे. दोन बोटांनी ब्रेक धरावा लागत असेल तर एक तर ब्रेक कमजोर आहे, किंवा लिव्हर हँडलच्या मुठीला फार चिकटून लावला आहे. तो आतल्या बाजूला सरकवावा. एवढ्या एका बदलाने पंजे भरून येणं पुष्कळ कमी होतं.

आता दऱ्यांकडे वळू. वाटांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग असतात, सोप्यापासून अवघडापर्यंत. आपल्याकडचा अनुभवी स्वार पहिल्या दिवशी निळ्यावरच राहिला तर कमीपणा नाही, कारण इथला रंग उताराबरोबर वेगही गृहीत धरतो.

ले जे हे शिकण्यासाठी सर्वांत चांगलं गाव. शाव्हानच्या बाजूच्या वाटा रुंद, बांधीव वळणांच्या आणि उतार मवाळ. उड्या अशा रचलेल्या की वेग कमी पडला तर चाक सपाट माथ्यावर उतरतं, खड्ड्यात नाही. तीन-चार फेऱ्यांत बर्मवर (वळणाच्या बाहेरच्या मातीच्या भिंतीवर) टेकून वळायचं अंगवळणी पडतं. समोरच्या मों शेरी डोंगरावर मात्र वेगळंच प्रकरण आहे. २०२२ ची माउंटन बाइक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ले जेला झाली, तिची डाउनहिल शर्यत याच बाजूला झाली. पुरुषांत फ्रान्सचा लोइक ब्रुनी आणि महिलांत ऑस्ट्रियाची वाली हॉल जिंकली. त्याआधी २००४ लाही हे गाव यजमान होतं. मों शेरीचा वरचा भाग उघड्या गवताचा, एका बाजूला कललेला आहे. अशा आडव्या उतारावर वळणाला टेकायला मातीची भिंत नसते, चाकाची कड जमिनीत रुतवावी लागते, आणि सकाळच्या दवात गवत शेवाळासारखं निसरडं असतं. अकरानंतर जावं. या डोंगरावर गर्दी कमी, त्यामुळे ब्रेकच्या लाटाही कमी. आमच्या मते सबंध फ्रेंच बाजूला सर्वांत कमी कौतुक झालेला हा डोंगर आहे.

मोर्झीनचं प्लेने सकाळी साडेनऊ ते अकरा एवढंच चांगलं. त्यानंतर रांग वाढते आणि वाटेवर मागून येणाऱ्यांचा घोळका होतो. रुंद वाटेच्या आजूबाजूने जंगलात शिरणाऱ्या अरुंद, मुळांच्या वाटा आहेत. कोरड्या दिवशी त्यांच्यासाठीच प्लेनेला जावं. पाऊस झाला की इथली चिकणमाती टायरला लाडवासारखी गोळा होते, चाक फोर्कच्या कमानीत अडतं आणि सायकल पाच-सहा किलोंनी जड होते. मोर्झीनला राहण्याचा खरा फायदा वेगळाच: दुकानं, वर्कशॉप, सुटे भाग आणि दोन्ही दिशांच्या लिफ्ट चालत्या अंतरावर. दुसऱ्या बाजूची सुपर मोर्झीन गोंडोला आणि तिच्यापुढची झोर खुर्ची-लिफ्ट अव्होरियाच्या दिशेने नेतात. या दोन्ही डोंगरांच्या मधे गाव आणि नदीची घळ आहे. लिफ्टने जोडलेलं नाही, गावातून पाच-दहा मिनिटं सायकल मारत जायचं.

अव्होरिया हे मोटारींना बंदी असलेलं गाव. तिथे थांबण्यापेक्षा तिथून पुढे जाण्यात अर्थ आहे. अव्होरियातून लिंदारे या खोलगट वाडीत उतरलं की खरी चौफुली येते. इथून एक लिफ्ट शातेलकडे, दुसरी मोसेतच्या धारेवरून स्वित्झर्लंडकडे आणि तिसरी परत अव्होरियाकडे. लिंदारेच्या बकऱ्या प्रसिद्ध आहेत. रस्त्यावर मोकळ्या फिरतात आणि टेकवून ठेवलेल्या सायकलीला अडकवलेली पिशवी आवडीने चावतात. हातमोजे खोगिरावर ठेवून जेवायला बसू नये.

शातेलची प्रे-ला-जू बाजू ही या सबंध भागातली सर्वांत मेहनतीने बांधलेली. उड्यांची आवड असेल तर निम्मे दिवस इथेच घालवावेत. 'व्हिंक लाइन' बेल्जियमच्या निको व्हिंक या स्वाराच्या नावाची आहे, आणि तिथल्या उड्या पाहूनच छातीत धस्स होतं. तिच्याकडे आधी चालत जाऊन, उड्डाणाची कड आणि उतरण यांतलं अंतर पावलांनी मोजून यावं. मधे भराव नसलेली उडी कमी वेगात घेतली की पुढचं चाक उतरणीच्या भिंतीवर आदळतं आणि खांद्याचं हाड मोडतं. ज्याला हे नको, त्याच्यासाठी 'पानोरामिक' नावाची लांब, वळणावळणाची वाट आहे. तिच्यावर नवखाही रमतो आणि जाणताही वेग लावून घाम काढतो. इथल्या बर्मचा घेर असा आहे की आत शिरताना वेग बरोबर असेल तर ब्रेक लागतच नाही. म्हणून ब्रेकच्या लाटाही प्लेनेच्या मानाने कमी.

सीमेपलीकडे वातावरण बदलतं. मोर्जांच्या वाटा जंगलातल्या, मुळांच्या आणि तीव्र. रुंद बांधकाम थोडं, माणसंही थोडी. शांपेरीची जुनी डाउनहिल वाट हा तर वेगळाच अध्याय. २०११ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे धो-धो पावसात झाली आणि ब्रिटनच्या डॅनी हार्टने ती अकरा सेकंदांहून जास्त फरकाने जिंकली. जिथे निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतात तिथे हा फरक म्हणजे दुसऱ्या दिवशी येण्यासारखा. उतार इतका उभा आहे की चालत उतरतानाही झाडाला धरावंसं वाटतं. अशा ठिकाणी घाबरून वजन मागे टाकलं की पुढच्या चाकावरचा भार जातो आणि ते वळतच नाही. छाती हँडलवर, टाचा खाली, नजर दोन झाडं पुढे, आणि पुढचा ब्रेक हलका पण सतत. राजगडच्या गुंजवणे बाजूची घसरण सायकलवरून उतरू शकणाऱ्यानेच इकडे वळावं, तेही कोरड्या दिवशी. बाकीच्यांनी केबल कारने वर जाऊन दृश्य बघावं. समोर दाँ द्यु मिदीच्या दातेरी रांगेचं जे रूप दिसतं त्याला तोड नाही.

ओल्या मुळांबद्दल एक-दोन गोष्टी. साल निघालेलं, चाकांनी गुळगुळीत झालेलं मूळ पावसात साबणाच्या वडीसारखं असतं. त्यावर चार गोष्टी करायच्या नाहीत: ब्रेक मारणं, पेडल मारणं, वळणं आणि झुकणं. तिरकं मूळ आलं तर त्याच्या अलीकडे सायकल उभी करून, शक्य तितकं काटकोनात, पुढचं चाक हलकं करून ओलांडावं. हीच गोष्ट गायरानाच्या सीमेवरच्या लोखंडी जाळ्यांची. गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात पन्हळीवर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. कोरड्यात त्या कळतही नाहीत. ओल्यात त्यावर जरा तिरकं गेलं की चाक सरकन बाजूला निघतं आणि हाड थेट लोखंडावर. शेजारी वीज सोडलेली कुंपणाची तार असते. तिचा झटका जिवाला धोका करत नाही, पण माणूस शुद्धीवर येतो.

सीमा ओलांडण्याचा बेत आखताना घड्याळ हा मुख्य शत्रू. लिफ्ट साधारण पाचच्या आसपास बंद होतात, आणि प्रत्येकीची शेवटची वेळ वेगळी असते. मोर्झीनला परतायला शांपेरी किंवा ले क्रोझेहून मोसेत, मग लिंदारे, मग अव्होरिया अशा दोन-तीन लिफ्ट लागोपाठ पकडायच्या असतात. साखळीतली एक चुकली की पुढच्या सगळ्या गेल्या, आणि डोंगराला वळसा घालून टॅक्सीने परतायला तास-दीड तासाहून जास्त वेळ आणि खिशाला मोठं भोक. म्हणून स्वित्झर्लंडकडे सकाळी पहिल्या लिफ्टने जायचं आणि दुपारी तीनला परतीला लागायचं, मग वाट कितीही चांगली चाललेली असो. पंक्चरसाठी अर्धा तास राखीव. मोर्जांला अडकलात तर त्यातल्या त्यात बरं: १,३६९ मीटरच्या खिंडीतून डांबरी रस्ता शातेलला उतरतो. आल्प्समध्ये जुलै-ऑगस्टच्या दुपारी वीज कडाडते आणि लिफ्ट तत्काळ थांबवतात. ढगांचे मनोरे अकरालाच वर चढायला लागले तर त्या दिवशी धार ओलांडू नये.

शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, धारेवर चौकी नाही. पासपोर्टची प्रत मात्र जवळ असावी. फोन धारेवर गेला की गुपचूप स्विस मनोरा पकडतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे फ्रान्समध्ये घेतलेल्या अनेक सिम कार्डांना तिथे वेगळे पैसे लागतात. डेटा बंद करून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. पलीकडे चलन फ्रँक, आणि दुपारचं जेवण फ्रान्सपेक्षा बरंच महाग. डबा फ्रान्सकडूनच न्यावा.

जेवणाची वेळ दोन्हीकडे कडक. डोंगरावरची स्वयंपाकघरं दोननंतर मंदावतात. तीनला गेलं तर केक आणि कॉफी. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण चीज इतकं खावं लागतं की चौथ्या दिवशी पिठलं-भाकरी आठवते. या भागाचा खास पदार्थ बर्तू: आबोंदांस चीज पसरट वाटीत वितळवून, सोबत उकडलेले बटाटे. त्यात वाइन असते, तेव्हा विचारून घ्यावं. तार्तिफ्लेतमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ते नकोत हे सांगितलं तरी बऱ्याचदा ते आधीच मिसळलेले असतात. आणि हे सगळं पोटात घालून लगेच 'मेन लाइन'वर जाऊ नये, एवढंच.

विम्याची पॉलिसी जाण्याआधी ओळीओळीने वाचावी. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि 'सायकलिंग' चालतं पण 'डाउनहिल' चालत नाही असा बारीक अक्षरातला भेदही सापडतो. तसं असेल तर वेगळं कवच घ्यावं, आणि त्यात डोंगरातला बचाव व हेलिकॉप्टर लिहिलेलं असावं. दोन्ही देशांत ११२ चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव संस्थेचा नंबर १४१४. वाटेवरच्या फलकांवर वाटेचं नाव आणि क्रमांक असतो. थांबाल तिथे तो बघत जावा, कारण मदत मागताना पहिला प्रश्न तोच येतो. फ्रान्समध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. मोठ्यांना नसलं तरी पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचे आणि पाठीचे पॅड यांवाचून लिफ्टवर बसूच नये.

कधी जावं? जुलैचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला: वाटा ताज्या, दिवस रात्री नऊपर्यंत उजेडाचे, युरोपची शाळांची सुट्टी जेमतेम सुरू झालेली. जूनच्या शेवटी इथे हजारो स्वारांचा मोठा मेळा भरतो, सुमारे ८० किलोमीटरची गावागावांतून फेरी असते. हौस म्हणून ठीक, पण वाटा शिकायच्या असतील तर तो शनिवार-रविवार टाळावा. ऑगस्टमध्ये धूळ, गर्दी आणि लाटा तिन्ही शिगेला. सप्टेंबरचा पहिला आठवडा शांत आणि सुरेख, मात्र तेव्हा काही लिफ्ट बंद झालेल्या असतात. स्वित्झर्लंडकडची साखळी चालू आहे का, ते पास घेण्याआधी विचारावं. गाव निवडायचं तर कुटुंब किंवा नवखा सोबती असेल तर ले जे, उड्यांसाठी शातेल, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्या मित्रांच्या टोळक्याला मोर्झीन. सात दिवसांतला चौथा दिवस सायकलशिवाय काढावा. मोर्झीनजवळच्या मोंत्रिओच्या तळ्याला पायी फेरी मारली की पंजे पुन्हा उघडतात.

रोज संध्याकाळी लिफ्टच्या पायथ्याशी सायकल धुवायची सोय असते. तिथल्या नळाचा फवारा जोरदार असतो. तो बेअरिंगवर, फोर्कच्या सीलवर आणि ब्रेकच्या कॅलिपरवर सरळ मारला तर पाणी आत शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं. लांबून, वरून खाली धुवावी. मग चाक फिरवून प्रत्येक तार बोटांनी चिमटून बघायची. ब्रेकच्या लाटांनी तारा ढिल्या होतात, आणि एक ढिली तार दुसऱ्या दिवशी तीन होते. मागच्या गिअरचा हँगर (गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकलाय का तेही मागून बघावं. स्वतःची सायकल नेली असेल तर दोन सुटे हँगर सामानात हवेतच, कारण नेमका तुमच्या मॉडेलचा हँगर मोर्झीनमध्येही मिळेलच असं नाही. भाड्याची सायकल परत करताना धुऊन द्यावी आणि डिस्क, रिम, गिअरचा हँगर यांचे फोटो काउंटरवरच काढावेत. नुकसानीच्या वेगळ्या विम्यात पंक्चर, पॅड आणि टायर सहसा धरलेले नसतात, त्यांचे पैसे वेगळे लागतात.